सहावं काडतूस

सोमवार, ५ सप्टेंबर १८९२

आज या नव्या घरात आलेलं सामान आणि त्याचा खर्च, डोक्यात आहे तोवर लिहून ठेवते. डार्लस्टनहून गाडीभाडं साडेतीन शिलिंग. कोळसा अर्धं पोतं, सात पेन्स. कपडे पिळायचा रूळ, जुना. आठ शिलिंग सांगितले होते, तुटका दाता दाखवल्यावर सहाला दिला. कोंबड्या सहा, खुराड्यासकट दहा शिलिंग, कारण आधीच्या भाडेकरणीला त्या सोबत नेता येईनात. पहिल्या आठवड्याचं भाडं पाच शिलिंग. व्यापाऱ्याकडून दुरुस्तीला आलेलं रिव्हॉल्व्हरचं खोकं एक. त्याला खर्च नाही, उलट नगामागे आपल्यालाच मिळायचे.

घर माझ्या मनात होतं त्याहून चांगलं निघालं. खाली चूल, वर निजायची खोली, आणि आवारापलीकडे इनॉकची कामाची खोली. तिला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. उत्तरेचा उजेड कानशीशी खोटं बोलत नाही, असं तो म्हणतो. आवारात आमचं धरून सहा दारं, मधे एक हापसा. चॅपल दोन गल्ल्या सोडून आहे, म्हणजे पावसातही उपासना चुकायची नाही.

आमच्या डॉर्कसने आल्या आल्या कोंबड्यांना बायबलमधली नावं ठेवली. त्या दुष्ट राणीचं, ईजबेलचं, मात्र नको, एवढंच मी बजावलं. नऊ वर्षांची झाली तरी अजून अंड्याचा आधी पापा घेते.

मी हे लिहीत बसले तर इनॉक हसतो. स्वर्गाच्या दारात पेत्र भेटला तरी ही आधी पावती मागेल, म्हणतो. हसू दे बापडा. लग्नाच्या बारा वर्षांत आमच्यावर कुणाचं देणं झालेलं नाही ते या वहीमुळेच. प्रभूची कृपा.

गुरुवार, ८ सप्टेंबर

खोकं उघडलं. सगळी रिव्हॉल्व्हरं लष्करातली, सरकारी कारखान्यात बनलेली. पाच-सहा वर्षांपूर्वी लष्कराने नव्या घडणीची घेतली आणि ही मोडीत काढली. चौकटीवर राणीचा बाण आहे, आणि त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण ठोकलेला. पहिल्या बाणाचा अर्थ माल राणीचा. दुसऱ्याचा अर्थ सरकारने त्यावरचा हक्क सोडला. थोडक्यात हात झटकले, इनॉक म्हणाला.

आमच्या या धंद्यात अख्खी बंदूक कुणीच बनवत नाही. एक जण नळी कोरतो, दुसरा तिच्यावर रंग चढवतो, तिसरा घोडा आणि चाप घासतो, चौथा मुठीचं लाकूड. सुटे भाग दिवसभर या दारातून त्या दारात जातात, बहुतेक बायकांच्या ॲप्रनमधून. माझ्याकडे तेल देणं, पुसणं आणि रिकामी काडतुसं घालून तपासणं.

घडण मोठी हिकमतीची आहे. गोळ्यांच्या चक्रात सहा घरं. भरताना बाजूच्या झडपेतून एकेक काडतूस घालायचं. रिकामं करताना वरची कळ दाबून नळी बिजागरीवर खाली वाकवायची, की चक्र नळीबरोबर पुढे सरकतं, पण मागची चांदणीच्या आकाराची चकती जागची हलत नाही. ती काडतुसांच्या कडा धरून ठेवते. मग उडालेली काडतुसं आखूड झालेली असल्याने बाहेर येऊन गळून पडतात, आणि न उडालेली, पुढे गोळी असल्याने लांब, ती आपापल्या घरात राहतात. लढाईत सगळी उडाली नसतील तर उरलेली चांगली वाया जायला नकोत म्हणून एवढी काटकसर. मला तर करणाऱ्याचं कौतुकच वाटलं.

पण यात एक खोट आहे, आणि ती सगळ्या धंद्याला ठाऊक आहे. सगळ्यांत खालच्या घरातलं काडतूस पडत नाही. चकती आणि चौकट यांच्यामधे अडकून बसतं. पाच पडतात, सहावं राहतं. शिपाई ते बोटाने उकरून काढायचे आणि तेवढ्यात समोरचा येऊन ठेपायचा. याच खोटीपायी लष्कराने ती टाकली.

मी सगळी तपासली. हलकेच झटका दिला की अडकलेलं सुटतं. एका रिव्हॉल्व्हरमधलं मात्र सुटेना. त्याच्या मुठीखालची दोरी ओवायची कडी एका बाजूने कागदासारखी झिजली आहे. ते काडतूस शेवटी केसातल्या आकड्याने काढलं. हाताला कोमट लागलं. उन्हात नव्हतं, चुलीपाशीही नव्हतं.

शनिवार, १० सप्टेंबर

पाच कोंबड्या काल सकाळी मेल्या. कोल्हा-उंदीर म्हणावं तर रक्त नाही, पीस उपटलेलं नाही. सहावी मधोमध बसली होती, पापणी न हलवता. डॉर्कस फार रडली. मी त्या शिजवल्या नाहीत. कशाने मेल्या ते कळल्याशिवाय नको. आठ शिलिंग चार पेन्स पाण्यात गेले असं धरायचं.

बुधवार, १४ सप्टेंबर

व्यापाऱ्याचा गाडीवान सायलस टंक्स रिकामी खोकी न्यायला आला. पूर्वी लष्करात होता, डावा हात अर्धा आहे. चहा प्यायला. झिजलेल्या कडीचं रिव्हॉल्व्हर बाकड्यावर बघून त्याने कप खाली ठेवला. सांगू लागला की हे सुदानच्या वाळवंटातल्या एका ठाण्यावर होतं. तिथे सहा माणसं. लढाई झाली नाही, कुणी चालून आलं नाही. पाणी घेऊन उंट गेले तर पाच जण सतरंजीवर आडवे, जखम नाही काही नाही, आणि सहावा भिंतीला टेकून बसलेला, गळ्यात दोरी आणि दोरीला हे लटकलेलं. तो काढू देईना. अजून जिवंत आहे, वेड्यांच्या इस्पितळात, आणि अजून हात गळ्याशीच असतो. लष्करी कोठारातले सगळे हे जाणतात. म्हणून हे नेहमी खोक्याच्या तळाशी.

इनॉकने विचारलं, मग तूच का नाही फेकून दिलंस? त्यावर टंक्स म्हणाला, "फेकायला हातात घ्यावं लागतं ना, टॉली. आणि मला एकच हात उरलाय."

तो गेल्यावर इनॉक पोट धरून हसला. शिपायांना पेन्शन गप्पांचीच मिळते, म्हणाला. मीही हसले. कोंबड्यांचं काढलं नाही.

मंगळवार, २० सप्टेंबर

दुपारी जेवणाच्या सुटीत इनॉकने ते हापशापाशी नेलं, आवारातल्यांना खोट दाखवायला. सहा रिकामी काडतुसं घातली, नळी खाली वाकवली. पाच दगडावर खणखणली, सहावं आतच. पोरांनी ती वेचून शिट्ट्या केल्या. शेजारच्या मिसेस हिंगली कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, सरकारला पाचापर्यंतच मोजता येतं वाटतं. खूप हशा झाला. या आवारात एवढा हशा मी पहिल्यांदा ऐकला.

अडकलेलं मी काढलं. या वेळी कोमट नव्हतं, गरम होतं. इनॉकच्या तळहाताला लावलं तर म्हणाला, तुझीच बोटं गार आहेत.

सोमवार, २६ सप्टेंबर

आवारात घशाचा ताप शिरलाय. पहिल्या दारचं तान्हं गेलं. मी सूप करून नेलं. चौथ्या दारीही एक मूल तापात आहे.

सोमवार, ३ ऑक्टोबर

काल उपासनेत गेलेल्या मुलांची पाच नावं वाचली. पाच दारं, प्रत्येक दारी एक. मिसेस हिंगलींचा जोसाया गेला, सहा वर्षांचा, त्या दिवशी शिट्टी वाजवणारा. आमच्या दारी कुणाला शिंकसुद्धा नाही. पाणी त्याच हापशाचं, आणि मी ते उकळतही नाही, कोळसा जातो म्हणून.

मिसेस हिंगलींकडे भेटायला गेले तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. भांडल्या नाहीत. हळू आवाजात विचारलं, "तुमच्या चौकटीला कुठल्या कोकराचं रक्त लावलंय हो, टॉलीबाई? आम्हाला का नाही सांगितलंत?" मिसर देशात त्या रात्री ज्या दारांना कोकराचं रक्त होतं, तीच तेवढी मृत्यूने वगळली होती.

मला घरी येऊन वाचायला बसवेना. सहा कोंबड्या. सहा दारं. ज्याच्या हातात ते उघडतं, त्याच्या अवतीभवती जे सहा असेल, त्यातले पाच—

असं लिहिणंही पाप आहे. लोखंडाला कसली इच्छा असते?

बुधवार, ५ ऑक्टोबर

डॉर्कसला सेव्हर्न नदीकाठी माझ्या तामारताईकडे पाठवलं. तापाचं निमित्त खरंच आहे, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही. तिथे मोकळी हवा, नदी, आणि एमस भावजींची नाव. माणसं इकडून तिकडे नेतात त्या नावेत बसायला मिळणार म्हणून पोर खूश होती. स्टेशनावर मला म्हणाली, उरलेल्या कोंबडीला एकटं वाटू देऊ नकोस.

आता ती त्याच्यापासून लांब आहे. हे एक काम मी नीट केलं.

शनिवार, ८ ऑक्टोबर

इनॉकला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, ते जास्त वाईट वाटलं. माझे केस मागे सारले आणि म्हणाला, हापशाचं पाणी खराब आहे केझाया, आपण दोघं पुन्हा डार्लस्टनला जाऊ, हे खोकं संपलं की. ते कालव्यात टाकू म्हटलं तर नाही म्हणाला. माल व्यापाऱ्याचा आहे, नग मोजून दिलेले आहेत, आणि चोर म्हणवून घेऊन तो राहणार नाही.

मग मला एक सुचलं. या गावात अख्खी बंदूक कुणाच्या घरात नसते. नळी एका घरी, चक्र दुसऱ्या, चकती तिसऱ्या घरी असली, तर ते रिव्हॉल्व्हर नाहीच. नुसतं लोखंड. इनॉक व्यापाऱ्याकडे गेला तेव्हा मी ते खोललं. नळी रंगवाल्याकडे दिली. चक्र घासायला दिलं. चौकट आणि चकती ओबडाया पर्सलोकडे. तो चॅपलमधे आमच्या पुढच्या बाकावर बसतो. चकत्या घासण्यात त्याच्या तोडीचा माणूस या भागात नाही. सगळ्यांना म्हटलं, घाई नाही. वर्षभर राहिलं तरी चालेल.

आज पहिल्यांदा नीट प्रार्थना झाली.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

पर्सलो संध्याकाळी चहाच्या वेळी आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं. अख्खं.

मला वाटलं होतं घाई नाही म्हटलं की पडून राहील. पण इथे दिलेला तुकडा परत येतो. हेच तर इथलं काम. मी बंदुकीचे चाप घडवणाऱ्या डार्लस्टनची असून, सबंध आयुष्य ॲप्रनमधून तुकडे नेत-आणत असून, हे कसं विसरले?

आवारावर एवढं दुःख कोसळलंय, टॉली माणूस भला, आपण दुसरं काय करणार, म्हणून त्याने हातातलं काम बाजूला ठेवून हे आधी केलं. नुसती चकती नाही. चौकटीचा खालचा खांदा घासून चकतीला नवा उतार दिला. जुळतंय का बघायचं म्हणून स्वतः फिरून नळी आणि चक्र गोळा केलं, काल घरी जोडलं, आणि घरच्यांसमोर उघडून पाहिलं. मजुरीचं नाव काढू देईना.

"बारा वर्षं सगळं गाव या मालाला नावं ठेवतंय," तो म्हणाला. "आता बघा. सहाच्या सहा पडतात, टॉलीबाई. एकही मागे राहत नाही."

इनॉकने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मी चहा ओतत होते तो बशीत गेला.

शनिवार, १५ ऑक्टोबर

सकाळी बाजारात गेले होते. परत आले तर इनॉक रविवारचा कोट घालून तयार. ते रिव्हॉल्व्हर त्याने व्यापाऱ्याकडून रीतसर विकत घेतलंय, एमस भावजींसाठी. उन्हाळ्यात त्यांना नदीवर दोन भामट्यांनी लुटलं होतं, आणि ते डॉर्कसला ठेवून घेताहेत, त्याची भेट. रविवार तिथे काढून सोमवारी परत. मला वाटलं घरातून तरी जाईल. खरं सांगायचं तर जीव हलका झाला. खोटही आता नाही. जिच्यामुळे पाच पडत होते ती खोटच गेली, असंच मनाशी म्हटलं. उघडू नकोस एवढं बजावलं.

तो दारातून म्हणाला, "अगं, न उघडता भेट कशी देऊ? एमसला दाखवायला तर हवं."

डॉर्कससाठी लोकरीचे हातमोजे दिले. एक बोट अजून विणायचं होतं.

रविवार, १६ ऑक्टोबर

पुढचा बाक रिकामा होता. पर्सलोकडचे सगळे येतात नेहमी, म्हातारीसुद्धा.

उपासनेनंतर दोघे तिघे त्यांच्या घरी गेले. धुराडं थंड. हाका मारल्या. शेवटी पोलिसाने दार फोडलं.

सगळे टेबलाशी होते. न्याहारी वाढलेली. ओबडाया, त्याची बायको, त्याची आई, तीन मुलं. शेगडीचा वायू कोंडला असं म्हणतात. खिडकी उघडी होती, हे मी पाहिलं. मी पाहिलं.

सहाच्या सहा.

ती खोट नव्हती. प्रभू, ती खोट नव्हती. ती तेवढी एक दया होती, त्यात उरलेली, एक जण तरी मागे ठेवणारी. आणि आम्ही ती घासून—

तारघर आज बंद. दार वाजवून वाजवून हात सोलला. उद्या उघडेल म्हणाले. उद्या.

तामारताई, भावजी, त्यांचे दोन मुलगे. चार. चारच होते त्या घरात. डॉर्कसला मी पाठवलं. पाच. आणि इनॉक—

मीच जुळवले.

सोमवार, १७ ऑक्टोबर

तारघर उघडायच्या आधीपासून पायरीवर. तार केली: उघडू नका नदीत टाका. शब्दाचा हिशेब केला नाही.

दुपारी तिकडच्या तारघरातून कळवलं. पोऱ्याने तार नेली. दार वाजवलं. कुणी आलं नाही. फटीतून आत सरकवून आला. नाव काठाला बांधलेली होती, म्हणे, आणि पलीकडच्या काठावरून लोक हाका मारत होते.

सोमवारी माणसं बाजाराला जातात. कदाचित बाजाराला—

इनॉकची गाडी संध्याकाळची. स्टेशनावर उभी राहिले. सगळे उतरले. मग दारं लागली. हमाल म्हणाला, बाई, याच्यानंतर गाडी नाही.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

सकाळी तिकीट काढलं. गाडीत पाय ठेवता आला नाही. गेले तर बघावं लागेल. न गेले तर अजून कुणी तरी लिहू शकतं. तिकीट परत केलं. माणसाने पैसे मोजून दिले, मी घेतले. माझे हात अजून तसेच चालतात.

मिसेस हिंगली आपणहून आल्या. शेजारी बसल्या. त्यांचा हात माझ्या हातावर होता आणि मला त्यांना सांगायचं होतं की जोसायाला नेलं ते हापशाच्या पाण्याने नाही, त्या दिवशीच्या आमच्या खेळाने, हसण्याने. सांगितलं नाही.

प्रार्थना येत नाही. शब्द माहीत आहेत, पण

पत्र लिहितेय. आधी इथेच लिहिते, मग उतरवीन. हात थांबला की—

प्रिय तामारताई,

इनॉकने आणलेलं उघडलं असेल तर मला रागाने लिही, शिव्या घाल, काहीही. उघडलं नसेल तर नदीच्या मधोमध जाऊन टाका. डॉर्कस तुझ्याजवळ असेल तर तिला सांग की कोंबडीला मी एकटं ठेवलेलं नाही. तिच्या हातून एक ओळ. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. ताई, कोण लिहितंय ते महत्त्वाचं नाही. तुमच्यातलं कुणीही एक. सहातलं एक, नुसतं नाव, नुसती रेघ. उलट टपाली कळवा. उलट टपाली, ताई, कुणी जर अजून—